आहार आणि शरीरातील आम्ल-विम्लाचा तोल

मातीचे परीक्षण करून घेतल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, ही गोष्ट आता गावोगावच्या शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली आहे. २०१५ सालापासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत जमिनीचा सामू नोंदलेला असतो आणि तो पाहून जमीन आम्ल आहे, मध्यम आहे की विम्ल आहे, हे समजते. कोकणातील जांभ्या जमिनी बहुधा आम्लतेकडे झुकलेल्या असतात, तर देशावरील पुष्कळशा काळ्या जमिनी विम्लतेकडे झुकलेल्या असतात. सामू साडेआठाच्या वर गेलेल्या चोपण जमिनीत पीक नीट उभे राहत नाही आणि ती सुधारण्यासाठी जिप्सम घालावे लागते, हेही अनेकांनी अनुभवले आहे. जमिनीविषयी एवढे ज्ञान झाल्यावर एक प्रश्न साहजिकच मनात येतो. जमिनीप्रमाणे माणसाच्या शरीराचाही सामू बिघडतो काय, आणि जिप्सम घालून जमीन सुधारावी तसे विशिष्ट अन्न खाऊन शरीर सुधारता येते काय?

ह्या प्रश्नाची तयार उत्तरे अलीकडे मोबाईलवरून घरोघरी पोचू लागली आहेत. धान्य, डाळी, दूध व अंडी ह्यांनी रक्त आम्ल होते, सर्व रोगांचे मूळ त्या आम्लतेत आहे, म्हणून हे पदार्थ सोडावेत, विशेष प्रकारचे विम्ल पाणी विकत घ्यावे किंवा रोज खाण्याचा सोडा घ्यावा, असा त्यांचा आशय असतो. ह्यात सत्याचा अंश थोडा व गैरसमजाचा भाग मोठा आहे. गैरसमजामुळे कधी केवळ पैसा वाया जातो. परंतु कधी चालू औषध बंद केले जाते, आणि मग गोष्ट जिवावर बेतते. म्हणून ह्या विषयातील खरे काय आणि खोटे काय, हे प्रस्तुत लेखात क्रमाने पाहावयाचे आहे.

सामू म्हणजे काय?

चिंच, लिंबू, ताक ह्यांना जी आंबट चव असते ती त्यांतील आम्लामुळे. चुना, पापडखार, चुलीतील राख ह्यांचा धर्म ह्याच्या उलट असतो. त्यांना विम्ल किंवा अल्क म्हणतात. आम्ल व विम्ल एकत्र आले की ते एकमेकांचा जोर मोडतात. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकला की फसफसून वायू निघतो व रसाचा आंबटपणा कमी होतो, हे ह्याचेच उदाहरण होय.

एखादा द्रव किती आम्ल वा विम्ल आहे हे मोजण्याची पट्टी १९०९ साली कोपनहेगन येथील सोरेनसेन ह्या रसायनशास्त्रज्ञाने घालून दिली. तीच सामूची पट्टी होय. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. ७ च्या खाली आम्लता आणि ७ च्या वर विम्लता समजावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ह्या पट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक असतो. सामू ६ असलेला द्रव सामू ७ असलेल्या द्रवापेक्षा दहापट आम्ल असतो, आणि सामू ५ असलेला शंभरपट. म्हणून सामूतील दिसावयास लहान असलेला फरकही पुष्कळ मोठा असतो.

शरीराचा सामू एक नसतो

शरीराचा सामू असे म्हणणे मुळातच बरोबर नाही. शेतातील बांधावरची माती, विहिरीचे पाणी आणि उकिरड्यातील खत ह्यांचा सामू जसा निरनिराळा, तसाच शरीराच्या प्रत्येक भागाचा सामू निरनिराळा असतो, आणि तो तसा असणेच आवश्यक असते.

जठरातील रस फार तीव्र आम्ल असतो. त्याचा सामू सामान्यतः दीड ते साडेतीन असतो. ह्या आम्लामुळे अन्नातील प्रथिनांचे पचन सुरू होते आणि अन्नपाण्याबरोबर पोटात गेलेले बरेचसे रोगजंतू मरतात. जठरातून अन्न पुढे आतड्यात उतरले की स्वादुपिंडाचा विम्ल रस त्यात मिसळतो आणि आम्लाचा जोर मोडतो. लघवीचा सामू खाण्यापिण्याप्रमाणे साडेचारापासून आठापर्यंत बदलू शकतो. रक्ताचा सामू मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यातच राखला जातो. म्हणजे निरोगी माणसाचे रक्त नेहमीच किंचित विम्ल असते. ते ह्या पट्ट्याबाहेर फार गेले, तर हृदय, मेंदू व स्नायू ह्यांचे कार्य बिघडते आणि प्राणास धोका उत्पन्न होतो.

रक्ताचा तोल कोण सांभाळतो?

रक्ताचा सामू इतका स्थिर राहतो, ह्याचे कारण शरीराने त्यासाठी तीन पातळ्यांवर बंदोबस्त केलेला आहे.

पहिला बंदोबस्त रक्तातच असतो. भारी काळ्या जमिनीत एखादे आम्लधर्मी खत थोडेसे टाकले, तर तिचा सामू लगेच हलत नाही. कारण त्या जमिनीतील चुनखडी व चिकणमाती आम्लाचा जोर जिरवून टाकतात. रक्तातही बायकार्बोनेट हा क्षार आणि प्रथिने हेच काम करतात. आम्ल आले की ती ते तत्काळ झेलतात.

दुसरा बंदोबस्त फुप्फुसांचा. अन्नाचे शरीरात ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तो पाण्यात मिसळला की आम्ल बनते. प्रौढ मनुष्य दिवसभरात सुमारे एक किलो इतका हा वायू श्वासावाटे बाहेर टाकतो. रक्तात आम्लता थोडी वाढू लागली की मेंदू श्वासाची गती वाढवितो, वायू अधिक बाहेर जातो आणि काही मिनिटांत तोल सावरला जातो.

तिसरा बंदोबस्त मूत्रपिंडांचा. मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सर्व परत रक्तात घेतला जाऊन फक्त दीड-दोन लिटर लघवी होते. ह्या गाळणीत उपयुक्त बायकार्बोनेट परत घेतले जाते आणि श्वासावाटे न जाऊ शकणारे आम्ल लघवीत सोडले जाते. हे काम संथ, तास-दिवसांच्या हिशेबाने चालणारे, परंतु अखंड असते.

हे तिन्ही बंदोबस्त शाबूत असलेल्या माणसाने एक वेळ मटण खाल्ले वा दुसऱ्या वेळी केवळ पालेभाजी खाल्ली, तरी त्याच्या रक्ताचा सामू आपल्या ठरलेल्या पट्ट्यातच राहतो.

अन्नाचा परिणाम कोठपर्यंत पोचतो?

तर मग अन्नाचा काहीच परिणाम होत नाही काय? होतो, परंतु तो रक्तावर नव्हे, तर मुख्यतः लघवीवर दिसतो.

लाकूड जळाल्यावर मागे राख उरते. ती विम्ल असते, कारण तीत पोटॅशचे क्षार असतात. म्हणूनच तिने भांड्यांची तेलकटी निघते. अन्नाचे शरीरात ज्वलन झाल्यावरही मागे काही क्षार उरतात. मांस, मासे, अंडी, धान्ये व बऱ्याचशा डाळी ह्यांतील गंधक व स्फुरद ह्यांपासून थोडे आम्ल उरते. भाज्या, फळे व कंदमुळे ह्यांत पोटॅशियमचे क्षार विपुल असल्यामुळे त्यांच्या मागे विम्ल उरते. ह्यावरूनच अन्नाचे आम्लकारी व विम्लकारी असे दोन वर्ग पडले.

येथे चवीवरून अनुमान काढल्यास फसगत होते. लिंबू जिभेला अतिशय आंबट लागते. परंतु त्यातील सायट्रिक आम्ल शरीरात जळून जाते आणि मागे विम्ल क्षार उरतात. उलट भाकरीला आंबटपणा मुळीच नसतो, तरी तिच्या मागे किंचित आम्ल उरते. म्हणून संधिवात असलेल्या माणसाने लिंबू खाल्ल्यास रक्त आम्ल होईल, ही भीती निराधार आहे.

ह्या उरलेल्या आम्लाचे पुढे काय होते? ते मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून लघवीत कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बदललेला दाखविला, तर त्यावरून रक्त बिघडले असे मुळीच सिद्ध होत नाही. लघवी आम्ल असणे हे बहुतेक वेळा मूत्रपिंडे आपले काम चोख करीत असल्याचेच चिन्ह होय. शेतातून चर काढून पाणी बाहेर घालविले, तर चरात पाणी दिसणारच; त्यावरून शेत बुडाले असे कोणी म्हणत नाही.

आम्लकारी अन्नामुळे हाडांतील चुना झिजतो, ही कल्पना १९६८ साली मांडली गेली आणि पुष्कळ वर्षे ती खरी मानली गेली. परंतु २००९ व २०११ साली उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. विम्ल आहाराने वा विम्ल पाण्याने कर्करोग टळतो किंवा बरा होतो, ह्या समजुतीचाही २०१६ साली असाच आढावा घेण्यात आला आणि तीही निराधार ठरली. कर्करोगाच्या गाठीभोवती आम्लता आढळते हे खरे. परंतु ती गाठीतील पेशींनीच निर्माण केलेली असते, जेवणातून आलेली नसते. विकत घेतलेले विम्ल पाणी तर प्रथम जठरातील तीव्र आम्लातच पडते आणि तेथेच त्याची बहुतेक विम्लता संपते. त्यासाठी महागडे यंत्र घेणे म्हणजे केवळ पैशाचा अपव्यय होय. तोच पैसा पिण्याचे पाणी निर्जंतुक ठेवण्यावर खर्च करावा.

तोल खरोखर केव्हा ढळतो?

रक्तातील आम्लता वाढण्याची स्थिती खरी आहे आणि ती अतिशय गंभीर आहे. परंतु ती डाळ-भाकरी खाल्ल्याने येत नाही. वर सांगितलेल्या बंदोबस्तात कोठे तरी खिंडार पडले म्हणजे ती येते. खेड्यात तिची तीन कारणे विशेष आढळतात.

पहिले कारण अतिसार. जुलाबाबरोबर शरीरातील पाणी तर जातेच, पण आतड्यातील विम्ल क्षारही जातात. त्यामुळे रक्त आम्लतेकडे झुकते आणि मूल खोल व जलद श्वास घेऊ लागते. ह्यावरील उपायाचा इतिहास मनन करण्याजोगा आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी साखरेच्या वर्गातील ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते मिश्रण रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच रुग्णांना पाजविले. एक लिटर पाण्यात ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम व सोडा अडीच ग्रॅम असे ते प्रमाण होते. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे शेकडा ४ च्याही खाली आले.

आज जलसंजीवनीची जी पुडी मिळते ती ह्याच मिश्रणाची वारस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी तीत ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पूर्वीच्या सोड्याऐवजी सायट्रेट घालण्याचे कारण असे, की त्यामुळे पुडी अधिक काळ टिकते. हे सायट्रेट म्हणजे लिंबातील आम्लाचाच क्षार होय. शरीरात त्याचे बायकार्बोनेट होते आणि रक्ताची गेलेली विम्लता भरून निघते. शरीरातील आम्ल-विम्लाचा तोल साधणारे पेय हवे असेल, तर ते हे आहे, आणि ते आशाताईंकडे व प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

पुडीवर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी आणि तयार केलेले पाणी २४ तासांत संपवावे. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा कप, त्यावरील मुलास अर्धा ते एक कप, असे घोट-घोट पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. दुकानातील गोड फळपेये जलसंजीवनीच्या जागी देऊ नयेत. त्यांतील जादा साखरेने जुलाब वाढतात. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश परत बसू लागली, मूल पीत नाहीसे झाले, सुस्त पडले वा शौचावाटे रक्त गेले, तर घरी थांबू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

दुसरे कारण मधुमेह. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन फारच कमी पडते, त्यांच्या शरीराला साखर वापरता येत नाही. मग चरबी जाळली जाते व तीतून आम्ल द्रव्ये रक्तात साठत जातात. फार तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, ही त्याची लक्षणे होत. विम्ल आहाराने मधुमेह जातो अशा भरवशावर इन्सुलिन बंद करणाऱ्या रुग्णावर ही आपत्ती ओढवू शकते. रक्त आम्ल होऊ नये म्हणून आहार बदलावयाचा आणि त्यापायी जे औषध रक्त आम्ल होऊ देत नाही तेच सोडावयाचे, हा विपरीत व्यवहार झाला. इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. त्यात बदल करावयाचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

तिसरे कारण मूत्रपिंडांचा जुनाट विकार. मूत्रपिंडे दुबळी झाली की आम्ल पुरेसे बाहेर पडत नाही. अशा रुग्णास डॉक्टर तपासणी करून सोड्याच्या गोळ्या देतात व आहारही आखून देतात. परंतु अशा रुग्णाने विम्लकारी म्हणून शहाळ्याचे पाणी, केळी, टोमॅटो ह्यांचा मारा आपल्या मनाने केल्यास त्यांतील पोटॅशियम रक्तात साठून हृदय बंद पडण्याचा धोका असतो. निरोगी माणसाला हितकर असलेले अन्न रुग्णाला घातक ठरू शकते, ते असे.

पोटातील जळजळ व खाण्याचा सोडा

छातीत जळजळ होणे, आंबट ढेकर येणे ह्यास लोक ॲसिडिटी किंवा आम्लपित्त म्हणतात. ही तक्रार जठरातील आम्ल वर अन्ननलिकेत आल्याने होते. रक्ताच्या सामूशी तिचा संबंध नाही. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणे, तंबाखू, मद्य आणि अति तिखट-तेलकट पदार्थ ह्यांनी ती वाढते. वेळेवर व बेताचे जेवण आणि जेवणानंतर दोन-तीन तासांनी झोप, एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो.

रोज खाण्याचा सोडा घेण्याची सवय मात्र वाईट. एका सपाट चहाच्या चमचाभर सोड्यात जितके सोडियम असते तितके सुमारे तीन ग्रॅम मिठात असते, आणि दिवसाचे एकूण मीठ तर पाच ग्रॅमच्या आत असावे असा सल्ला आहे. रक्तदाबाच्या रुग्णास हा भार सोसत नाही. सोडा फार झाल्यास रक्त वाजवीपेक्षा अधिक विम्ल होते, आणि तीही एक व्याधीच होय. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालण्याने तीतील ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा डाळ-कडधान्य आधी भिजत घालावे.

एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. छातीत दडपण येऊन कळ डाव्या हातात, खांद्यात वा जबड्यात जाऊ लागली, दरदरून घाम सुटला, तर तो पित्ताचा त्रास समजून सोडा पीत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडखळणे वा विनाकारण वजन घटणे ह्या लक्षणांचीही डॉक्टरांकडून विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

गुरांच्या पोटाची गोष्ट निराळी

आहाराने आम्लतेचा तोल प्रत्यक्ष व झपाट्याने बिघडतो, असे एक ठिकाण शेतकऱ्याच्या दारातच आहे. ते म्हणजे गाय, बैल, म्हैस, शेळी ह्या रवंथ करणाऱ्या जनावरांचे कोठीपोट.

कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जिवाणू वैरणीला आंबवून तिचे पचन करतात. ह्या क्रियेत आम्ले तयार होतात व तीच जनावराचे मुख्य पोषण करतात. तेथील सामू साधारणतः सहा ते सात राहतो. तो राखण्याचे मोठे साधन म्हणजे जनावराची लाळ. दुभती गाय दिवसात शंभर लिटरहून अधिक लाळ तयार करते आणि तीत बायकार्बोनेट असते. कडबा, गवत अशी लांब धाग्याची वैरण खाल्ली की जनावर भरपूर रवंथ करते, लाळ भरपूर सुटते आणि तोल टिकतो.

आता समजा, मळणीच्या दिवसांत गाय सुटून ज्वारी किंवा मक्याच्या राशीला लागली, किंवा लग्नकार्यातील उरलेला भात, पुऱ्या व गोडधोड तिच्यापुढे पाटीभर ओतले. हे पिठूळ अन्न झपाट्याने आंबते. रवंथ थोडे, लाळ थोडी आणि आम्ल अतोनात, अशी स्थिती होते. सामू पाचाच्याही खाली उतरतो, उपयुक्त जिवाणू मरतात आणि लॅक्टिक आम्ल साचते. शरीरातील पाणी पोटात ओढले जाते आणि आम्ल रक्तात शिरते. जनावर खाणे व रवंथ सोडते, पोट डबडबते, आंबूस वासाचे पातळ शेण टाकते, झोकांड्या खाते आणि अखेरीस बसते ते उठत नाही. पुष्कळदा हे सर्व एक-दोन दिवसांत घडते. मायेपोटी दिलेले सणाचे अन्न असे जनावराच्या जिवावर उठते.

ह्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१. धान्याची रास, पेंड व पीठ जनावर पोचणार नाही अशा बंदिस्त जागी ठेवावे. मळणीच्या व लग्नसराईच्या दिवसांत दावी तपासावीत.

२. शिळे वा उरलेले अन्न जनावरास मोठ्या प्रमाणात कधीही घालू नये.

३. खुराक वाढवावयाचा असल्यास दोन ते तीन आठवड्यांत थोडा-थोडा वाढवावा आणि दिवसाचा खुराक एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावा.

४. आधी वैरण व मग खुराक, हा क्रम ठेवावा. कडबा कुट्टी करताना फार बारीक करू नये.

५. जनावराने धान्य फार खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये. उरलेले धान्य काढून घ्यावे व पशुवैद्यकास लगेच बोलवावे. त्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पशुवैद्यक येण्यापूर्वी तेल वगैरे बळेच पाजू नये; ते श्वासनलिकेत गेल्यास जनावर दगावते.

माणसाचे पोट असे कोठीपोट नव्हे. माणूस रवंथ करीत नाही आणि त्याच्या जठरात धान्य आंबून लॅक्टिक आम्लाचा साठा होत नाही. म्हणून गाईला धान्याने आम्लता झाली, तेव्हा माणसालाही भाकरीने होईल, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल.

मग जेवावे कसे?

विम्लकारी आहाराच्या नावाने भाज्या व फळे अधिक खावीत असे जे सांगतात, तो सल्ला चांगला आहे. मात्र त्याचे कारण चुकीचे दिले जाते. भाज्या-फळांनी रक्त विम्ल होते म्हणून ती खावयाची नाहीत. त्यांत जीवनसत्त्वे, पोटॅशियम व चोथा असतो, त्यांनी पोट साफ राहते आणि रक्तदाब व हृदयविकार ह्यांचा धोका कमी होतो, म्हणून ती खावयाची. प्रौढ माणसाच्या आहारात दररोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे असावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेतकऱ्यास हे बाजारातून आणावे लागतेच असे नाही. बांधावरचा शेवगा, परसातील मेथी, चवळी, अंबाडी व भोपळा, कुंपणाजवळचे पेरू, पपई व लिंबू ह्यांनी ही गरज बरीचशी भागते.

धान्य, डाळी, दूध व अंडी सोडावीत, हा सल्ला मात्र हानिकारक आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, मूग, मटकी ह्यांतून मिळणारी प्रथिने, लोह व चुना ह्यांची वाढत्या मुलांना, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि कष्टकऱ्यांना नितांत गरज असते. आधीच कमी अन्न खाणाऱ्या घरातून हे पदार्थ काढून टाकणे म्हणजे अशक्तपणाला आमंत्रण देणेच होय. भाकरी असावी, तिच्याबरोबर वरण किंवा उसळ असावी, पालेभाजी असावी आणि वर लिंबाची फोड असावी. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळी व पालेभाज्यांतील लोह अंगी लागण्यास मदत होते.

लिंबाचा आणखी एक उपयोग आहे. उन्हात राबणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या माणसास मुतखडा होण्याचा संभव अधिक असतो. लिंबाच्या रसाने लघवीतील सायट्रेट वाढते व कॅल्शियमचे खडे जमण्यास अडथळा होतो. ज्यांना पूर्वी मुतखडा झालेला आहे, त्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. शेतावर जाताना पाण्याचे भांडे बरोबर न्यावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता अधूनमधून पाणी प्यावे. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.

गावातील कार्यकर्त्यांचे काम

हा विषय ग्रामसभेत, महिला बचत गटाच्या बैठकीत किंवा अंगणवाडीत समजावून सांगताना मृदा आरोग्य पत्रिका हाती घेऊनच सुरुवात करावी. सामू हा शब्द शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. त्यावरून रक्त, जठर व कोठीपोट ह्यांतील फरक सहज पटवून देता येतो. कोणी विम्ल आहार पाळीत असल्यास त्याची थट्टा करू नये. तो भाज्या अधिक खात असेल तर त्याचे कौतुक करावे. मात्र त्याने कोणते अन्न सोडले आहे, कोणते औषध बंद केले आहे, हे आस्थेने विचारावे. खरा धोका तेथेच असतो. गावात कोणाकोणास इन्सुलिन चालू आहे, कोणास मूत्रपिंडाचा विकार आहे, हे आशाताईंना बहुधा ठाऊक असते. त्या घरी ही गोष्ट अगत्याने पोचवावी. पावसाळ्याच्या तोंडी प्रत्येक घरात जलसंजीवनीच्या पुड्या असतील, हे पाहावे.

जमिनीचा सामू माणसाला सांभाळावा लागतो, कारण जमिनीला फुप्फुसे नाहीत आणि मूत्रपिंडे नाहीत. आपले शरीर तो स्वतःच सांभाळते, आणि निजल्या वेळीही सांभाळते. ह्या कामात त्याला मदत करावयाची ती पोटभर चौरस अन्न, स्वच्छ पाणी आणि आजारपणी वेळेवर उपचार ह्यांनी. जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी, मधुमेह्याला त्याचे चालू औषध आणि गाईला आधी कडबा, ही तीन पथ्ये प्रत्येक घराने पाळली, तर ह्या लेखाचा उद्देश सफल झाला असे म्हणता येईल.